उजेड, रक्तवाहिन्या आणि पुरावा
(नांदूरघाट येथील स्मृतिव्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



थंडीत सकाळी ओट्यावर उन्हाला बसलं की नसा मोकळ्या होतात, असं आपल्याकडची जुनी माणसं सांगत आली. आता बाजारात लाल उजेडाची मनगटी यंत्रं आली आहेत, पायाला गुंडाळायचे दिव्यांचे पट्टे आले आहेत, ‘रक्त पातळ करणारा’ लेझर आला आहे. शुगरमुळे ज्याचे तळवे बधिर झाले, चार पावलं चाललं की ज्याच्या पोटऱ्या भरून येतात, ज्याला तालुक्याच्या दवाखान्यात बोटं काढावी लागतील असं सांगितलंय, त्याच्यासमोर हे दिवे ठेवले जातात. आजीचं ऊन आणि विक्रेत्याचा दिवा, दोन्हींच्या मुळाशी दावा एकच आहे: प्रकाशाने बिघडलेल्या रक्तवाहिन्या सुधारतात.

आज तो दावा तपासायचा आहे. माझं मत मी शेवटापर्यंत राखून ठेवत नाही. प्रकाशाचा रक्तवाहिनीवर परिणाम होतो हे खरं आहे; प्रयोगशाळेत ते सत्तर वर्षांपूर्वीच दिसलं. पण परिणाम होणं आणि आजार बरा होणं यांच्यामध्ये मोठी वाट आहे. ती वाट प्रकाशाने काही आजारांत पूर्ण पार केली आहे; रक्तवाहिन्यांच्या आजारात तो अजून अर्ध्यावर आहे. आणि अर्ध्या वाटेवरचा उपचार गरीब माणसाला पुऱ्या किमतीत विकणं हा अन्याय आहे.

आधी रक्तवाहिनी म्हणजे काय ते पाहू. विहिरीवरून शेतात नेलेली पाइपलाइन डोळ्यांसमोर आणू नका, कारण पाइप स्वतःहून रुंद किंवा अरुंद होत नाही. धमनीच्या भिंतीत स्नायू असतो. तो आवळला की वाट अरुंद होते आणि दाब वाढतो. सैल झाला की वाट रुंदावते. या स्नायूला कधी आवळायचं आणि कधी सैल व्हायचं हे सांगणारा एक पातळ थर वाहिनीच्या अगदी आतल्या बाजूला असतो. तो फक्त एका पेशीच्या जाडीचा असतो. डॉक्टर त्याला एन्डोथेलियम म्हणतात, आपण अंतःस्तर म्हणू. हृदयापासून पायाच्या करंगळीपर्यंत प्रत्येक वाहिनीला आतून हा थर आहे. रक्त जोरात वाहू लागलं की त्याचं घासणं या थराला कळतं, आणि तो नायट्रिक ऑक्साइड नावाचा वायू सोडतो. वायू भिंतीतल्या स्नायूत शिरतो, स्नायू सैल पडतो. काही सेकंदांत वायू नाहीसा होतो, म्हणून तो सतत नव्याने बनत राहावा लागतो.

रक्तवाहिनीचं काम बिघडलं असं आपण म्हणतो तेव्हा बहुतेक वेळा आधी बिघडलेला असतो तो हाच थर. तंबाखूच्या धुरातली द्रव्यं नायट्रिक ऑक्साइडला काम करायच्या आतच निकामी करतात. रक्तातली साखर वर्षानुवर्षं जास्त राहिली की थर तो वायू कमी बनवू लागतो. वाढलेला रक्तदाब थराला इजा करतो, आणि थर बिघडला की दाब आणखी वाढतो. हे सगळं वेदना न होता चालतं. कोलेस्टेरॉलचा थर साचणं, गाठ होणं, झटका येणं, हे पुढचे टप्पे.

हा बिघाड लवकर मोजता येतो का? येतो. १९९२ साली लंडनमधल्या सेलरमायर, डीनफील्ड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक पद्धत मांडली. दंडाच्या धमनीवर सोनोग्राफीचं यंत्र ठेवायचं, हाताला रक्तदाबाचा पट्टा बांधून पाच मिनिटं रक्त अडवायचं, मग पट्टा एकदम सोडायचा. रक्ताचा लोंढा येतो. निरोगी थर वायू सोडतो आणि धमनी रुंदावते. किती रुंदावली ते मोजायचं. विडी-सिगारेट ओढणाऱ्या तरुणाची धमनी, त्याला एकही तक्रार नसताना, कमी रुंदावते. तपासणीत सुईसुद्धा टोचावी लागत नाही. प्रकाशाने वाहिनी सुधारते असं जो म्हणतो, त्याला आपण हा आकडा मागू शकतो, म्हणून ही पद्धत मी मुद्दाम सांगितली.

आता प्रकाशाकडे वळतो.

रॉबर्ट फर्चगॉट हे अमेरिकेतले औषधशास्त्रज्ञ. सशाच्या महाधमनीची पट्टी कापून ती द्रावणात टांगायची आणि कोणत्या औषधाने ती आवळते, कोणत्याने सैल होते हे पाहायचं, हे त्यांचं काम होतं. १९५५ च्या सुमारास त्यांच्या लक्षात आलं की पट्टीवर उजेड पडला की ती सैल होते आणि अंधार केला की पुन्हा आवळते. औषध तेच, द्रावण तेच, फरक उजेडाचा. १९६१ मध्ये त्यांनी यावर सविस्तर निबंध लिहिला. अतिनील किरणांच्या बाजूचा प्रकाश जास्त परिणाम करतो हे त्यांना दिसलं. असं का होतं याचं उत्तर मात्र त्या वेळी कोणापाशीच नव्हतं.

उत्तराची वाट दुसऱ्याच दिशेने उघडली. १९७८ मध्ये प्रयोगशाळेतल्या सहायकाकडून एका प्रयोगाचा क्रम चुकला, आणि ज्या औषधाने पट्टी आवळायला हवी होती त्याच औषधाने ती सैल झाली. फर्चगॉटनी ही चूक झटकून टाकली नाही. खोदून पाहिल्यावर कळलं की पट्टी हाताळताना आतला पातळ थर घासून गेला तर ती आवळते, आणि थर शाबूत असेल तर ती सैल पडते. १९८० मध्ये त्यांनी आणि झवाड्झ्की यांनी ‘नेचर’ नियतकालिकात हे प्रसिद्ध केलं. तो थर सोडत असलेलं द्रव्य नायट्रिक ऑक्साइडच आहे हे १९८६-८७ मध्ये ठरलं. १९९८ चं वैद्यकाचं नोबेल फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फरीद मुराद यांना मिळालं. लंडनचे साल्व्हाडोर मोन्काडा यांचं काम तितकंच मोलाचं होतं आणि त्यांचं नाव त्यात नव्हतं; मला ते आजही खटकतं.

तुमच्यापैकी पुष्कळांच्या घरात या शोधाचा धागा खिशात किंवा उशाशी असतो. छातीत कळ आली की जिभेखाली ठेवायची ती गोळी. ती आणि नायट्रोग्लिसरीन एकाच कुळातली औषधं आहेत. नायट्रोग्लिसरीन म्हणजे सुरुंगाच्या दारूतलं द्रव्य, ज्याच्यावर आल्फ्रेड नोबेल यांनी संपत्ती उभी केली. नोबेल हृदयाच्या दुखण्याने आजारी पडले तेव्हा डॉक्टरांनी त्यांना तेच औषध सुचवलं होतं. ते शंभर वर्षं वापरात होतं, पण कसं काम करतं हे १९७७ पर्यंत कळलं नव्हतं. त्या वर्षी मुरादनी दाखवलं की त्यातून नायट्रिक ऑक्साइड सुटतो.

मग उजेडाचं काय? आज जी समजूत आहे ती अशी. आपल्या कातडीत आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतीत नायट्रिक ऑक्साइड इतर रेणूंना बांधलेल्या रूपात साठवलेला असतो. ठरावीक लांबीच्या प्रकाशलहरी त्या बांधणीवर पडल्या की ती सुटते आणि वायू मोकळा होतो. म्हणजे बिघडलेला थर वायू बनवत नसला, तरी साठ्यातून तो मिळू शकतो. या विषयाबद्दल संशोधकांना एवढी आशा का वाटते, ते इथे समजतं. मधुमेहीच्या थराला दुरुस्त करणं अवघड. पण थराला वळसा घालून वायू पोहोचवता आला तर?

अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनमध्ये ६७० नॅनोमीटरच्या तांबड्या प्रकाशावर याच दिशेने प्राण्यांवरचे प्रयोग झाले आहेत. जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात गौतम सिक्का, डॅन बर्कोविट्झ आणि सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये दाखवलं की रक्तवाहिन्यांमध्ये मेलॅनोप्सिन नावाचं प्रथिन आहे. हे प्रथिन डोळ्याच्या पडद्यात असतं आणि दिवस-रात्र ओळखायला मदत करतं, हे तोवर माहीत होतं. तेच प्रथिन वाहिनीत बसून निळ्या प्रकाशाला ओ देतं आणि वाहिनी सैल पाडतं. उंदरांत हे स्पष्ट दिसलं. शरीराच्या आत, जिथे उजेड पोहोचत नाही, तिथे उजेड ओळखणारं प्रथिन निसर्गाने का ठेवलं असावं, हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, आणि तो अजून खुला आहे.

माणसांवर काय झालं? एडिंबरा विद्यापीठातले त्वचारोगतज्ज्ञ रिचर्ड वेलर आणि साउदम्प्टनचे मार्टिन फीलिश यांनी २०१४ मध्ये २४ निरोगी माणसांवरचा प्रयोग प्रसिद्ध केला. प्रत्येकाला दोनदा दिव्याखाली वीस-वीस मिनिटं झोपवलं. एकदा अतिनील ‘अ’ किरण आणि उष्णता दोन्ही. दुसऱ्यांदा किरण अडवून नुसती उष्णता. किरण पडले तेव्हा रक्तदाब थोडा उतरला आणि रक्तातली नायट्रिक ऑक्साइडची रूपं बदलली. ड जीवनसत्त्वाचा यात संबंध नव्हता. या प्रयोगातली सगळ्यात चांगली गोष्ट ती दुसरी फेरी आहे. उबेने कोणाच्याही नसा सैल होतात. ऊब वेगळी काढून किरणांचा वाटा मोजला, म्हणून त्या निष्कर्षाला किंमत आली. तुमच्या ओट्यावरच्या उन्हात ऊब आहे, किरण आहेत आणि सकाळची विश्रांतीही आहे. कशाने बरं वाटलं हे नुसतं बसून कळत नाही.

२०१८ मध्ये इंग्लंडमधलं सरे विद्यापीठ आणि जर्मनीतलं ड्युसेलडॉर्फ इथल्या संशोधकांनी निळ्या प्रकाशाचा असाच प्रयोग केला: १४ निरोगी माणसं, संपूर्ण अंगावर अर्धा तास ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश, आणि दुसऱ्या दिवशी तुलनेसाठी वेगळा प्रकाश. वरचा रक्तदाब सुमारे आठ अंकांनी उतरला. आठ अंक म्हणजे लहान गोष्ट नाही. एखाद्या गोळीने एवढं होतं. पण लक्षात घ्या, ही १४ निरोगी माणसं होती. आजाऱ्यावर काय होईल, रोज केलं तर महिन्याभराने काय होईल, झटके कमी होतील का, हे या प्रयोगाने सांगितलं नाही आणि सांगितल्याचा दावाही केला नाही.

मग २०२० मध्ये वेलर यांच्या गटाने अमेरिकेतल्या २,१७८ केंद्रांवर डायलिसिस घेणाऱ्या ३,४२,४५७ रुग्णांचे रक्तदाब आणि त्या-त्या गावातलं ऊन ताडून पाहिलं. तापमानाचा हिशेब वेगळा काढूनही, जिथे अतिनील किरण जास्त तिथे रक्तदाब कमी, असं आढळलं. पण त्यातच एक बारीक गोष्ट होती, आणि आपल्यासाठी तीच सगळ्यात महत्त्वाची: हा संबंध गोऱ्या रुग्णांत जास्त होता आणि कृष्णवर्णीयांत कमी. कातडीतला रंग किरण अडवतो. एडिंबरामधल्या फिकट कातडीवर मोजलेली मात्रा आपल्या सावळ्या कातडीला लागू होईल असं गृहीत धरता येत नाही.

भूगोलही पाहा. वेलर यांचं एडिंबरा उत्तर अक्षांश ५६ च्या जवळ आहे. प्रकाशोपचाराचे आद्य पुरुष नील्स फिन्सेन यांचं कोपनहेगनही जवळजवळ त्याच अक्षांशावर. फिन्सेन फॅरो बेटांवर जन्मले. कोपनहेगनमध्ये शिकत असताना उत्तरेकडे तोंड असलेल्या अंधाऱ्या घरात राहून त्यांना थकवा येई. आपल्याला ऊन मिळत नाही म्हणून असं होतं अशी त्यांची खात्री पटली आणि तिथून त्यांचं संशोधन सुरू झालं. चेहऱ्याच्या कातडीच्या क्षयावर त्यांनी विजेच्या कमानदिव्याचे किरण एकवटून उपचार केले, १८९६ मध्ये संस्था काढली, १९०३ मध्ये त्यांना नोबेल मिळालं, आणि पुढच्याच वर्षी वयाच्या ४३ व्या वर्षी ते गेले. ज्या देशांत हिवाळ्यात दुपारचा सूर्य क्षितिजाच्या दहा-अकरा अंश वरच लोंबकळतो, तिथल्या माणसांनी प्रकाशाला औषध मानलं यात नवल नाही. बालाघाटच्या या भागात आपण साडेअठराच्या पुढे अक्षांशावर आहोत. मेच्या मध्यात आणि जुलैच्या अखेरीला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, सावली पायाखाली जाते. डिसेंबरातल्या सगळ्यात लहान दिवशीही दुपारी तो ४८ अंशांच्या आसपास चढतो. एडिंबराचा भर उन्हाळ्यातला सूर्य ५७-५८ अंशांवर असतो. आपला ऐन हिवाळा त्याच्यापासून फार लांब नाही. उन्हाची कमतरता हा आपला आजार नाही.

महाराष्ट्रात सूर्यस्नानाला उपचार मानण्याची परंपरा आहे आणि ती आदराने पाहण्यासारखी आहे. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्काराचा प्रसार संस्थानातल्या शाळाशाळांत केला. गांधीजींचा रक्तदाब १९३७-३८ मध्ये इतका वाढला की त्यांना जुहूला विश्रांतीसाठी जावं लागलं. पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये कैदेत असताना, १९४२ मध्ये, त्यांनी ‘आरोग्याची गुरुकिल्ली’ लिहिली. माती, पाणी, आकाश, तेज, वायू अशी तिच्या दुसऱ्या भागाची मांडणी आहे, आणि तेजाच्या प्रकरणात सूर्यस्नान येतं. पुण्यात डॉ. दिनशा मेहतांचं निसर्गोपचार केंद्र होतं. तिथे गरिबांसाठी काम करावं असा गांधीजींचा आधी विचार होता. पण शहरातल्या संस्थेत खेड्यातला गरीब येणार नाही हे त्यांना उमगलं आणि मार्च १९४६ मध्ये ते उरुळी कांचनला गेले. आठवडाभराने ते निघाले. त्यांचे सहकारी मणिभाई देसाई मात्र जन्मभर तिथे राहिले. गावातली स्वच्छता, अन्न, पाणी, ऊन, विश्रांती आणि पुढे गोपालन या सगळ्यांकडे मिळून आरोग्य म्हणून पाहणारी संस्था तिथे उभी राहिली. तिचं मोठेपण मी मानतो. परंतु तिथे ऊन एकटं नव्हतं. मीठ-तेल कमी झालेलं जेवण, चालणं, तंबाखू बंद, मनाला स्वस्थता, हे सगळं बरोबर होतं. रक्तदाब उतरला तर श्रेय कोणाला द्यायचं, हे परंपरा सांगू शकत नाही.

परंपरेतला उपचार कसा तपासावा याचं उदाहरण आपल्याच मुंबईत आहे. सर्पगंधेचं मूळ वेडसरपणावर आणि झोप न येण्यावर शेकडो वर्षं वापरलं जात होतं. १९३१ मध्ये कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी त्याने रक्तदाब उतरतो असं लिहिलं. मुंबईच्या केईएम रुग्णालयातले डॉ. रुस्तम जाल वकील यांनी पुढे वाढलेल्या रक्तदाबाच्या ५० रुग्णांना ते देऊन आधीचे आणि नंतरचे आकडे काढले आणि १९४९ मध्ये ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये छापले. त्यानंतर जगाचं लक्ष गेलं, १९५२ मध्ये मुळातलं रिसर्पिन वेगळं काढलं गेलं, १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे त्या औषधाने काही रुग्णांचं मन खचतं असं दिसलं, आणि त्याहून बरी औषधं आली तशी ते मागे पडलं. यात सर्पगंधेचा अपमान झाला असं मला वाटत नाही. एखादं औषध मोजलं जातं, वापरलं जातं, त्याचे दोष कळतात, त्याची जागा ठरते, हा त्या औषधाचा सन्मानच आहे. प्रकाशाला हाच सन्मान मिळावा.

आणि काही ठिकाणी त्याला तो मिळालेला आहे. १९५६ मध्ये इंग्लंडमधल्या रॉचफर्ड रुग्णालयात सिस्टर वॉर्ड नावाच्या परिचारिका बाळांना अंगणात उन्हात नेत असत. एका पिवळ्या पडलेल्या बाळाचं उघडं अंग कमी पिवळं आणि कपड्याखाली झाकलेला भाग जास्त पिवळा, हे त्यांच्या नजरेस आलं. त्याच सुमारास खिडकीत उन्हात राहिलेल्या रक्ताच्या नमुन्यात काविळीचं द्रव्य कमी भरलं. क्रेमर, पेरीमन आणि रिचर्ड्स यांनी त्यावर दिव्यांचं यंत्र बनवलं आणि १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये निष्कर्ष दिले. किती लांबीची लहर, किती अंतरावरून, किती तास, हे पुढे ठरत गेलं. आज नवजात बालकांच्या कक्षात निळ्या दिव्याखाली डोळ्यांवर पट्टी बांधलेलं बाळ दिसतं, ते या परिचारिकेच्या नजरेमुळे. तोंडाच्या आणि घशाच्या कर्करोगावर किरणोपचार घेताना तोंड सोलवटून निघतं. ते टाळायला मंद लेझरचा उपयोग होतो हे चाचण्यांत टिकलं आणि २०२० च्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत आलं. तंबाखूमुळे तोंडाचा कर्करोग ज्या जिल्ह्यांत घरोघर माहीत आहे, तिथल्या माणसांना हा प्रकाशोपचार ठाऊक असायला हवा.

आता दुसरी बाजू. शुगरमुळे पाय बधिर झालेल्यांसाठी अवरक्त किरणांचे पट्टे परदेशात बरीच वर्षं विकले जात होते. रक्ताभिसरण वाढतं, संवेदना परत येते, असं सांगितलं जाई, आणि वापरणारी माणसंही मनापासून तसंच सांगत. २००८ मध्ये लॅव्हरी आणि सहकाऱ्यांनी ६९ मधुमेहींना दोन गटांत वाटलं. एका गटाला खरे पट्टे, दुसऱ्याला हुबेहूब दिसणारे पण किरण न सोडणारे. घरी रोज ४० मिनिटं, ९० दिवस. शेवटी तळव्याची संवेदना मोजली तेव्हा दोन्ही गटांत फरक निघाला नाही. ज्यांना नकली पट्टा मिळाला होता त्यांनाही आपण उपचार घेतोय असंच वाटत होतं. आशेने माणसाला बरं वाटतं, आणि ते बरं वाटणं खोटं नसतं. पण बोट काळं पडत असताना त्या तीन महिन्यांची किंमत फार मोठी असते.

म्हणून माझी कळकळीची विनंती आहे. कोणी प्रकाशाचं यंत्र दाखवलं तर एकच विचारा: नकली दिव्याशी तुलना करून हे तपासलं आहे का, आणि तपासलं तेव्हा काय मोजलं? लहरीची लांबी, मात्रा आणि वेळ सांगता येत नसेल तर ते औषध नव्हे. मनगटावरच्या लाल दिव्याने पायाच्या धमनीतला अडथळा निघाल्याचं दाखवणारी चाचणी मला कोणी दाखवलेली नाही. आणि उलट बाजूने, जास्त ऊन घ्या असाही सल्ला मी देणार नाही. अतिनील किरण कातडी जाळतात, डोळ्यात मोतीबिंदू वाढवतात, आणि काही गोळ्या चालू असताना उन्हाने अंगावर चट्टे उठतात.

उन्हाविषयी बोलताना या जिल्ह्यात ऊसतोड कामगारांना वगळून बोलता येत नाही. दसरा-दिवाळीनंतर टोळ्या निघतात. उचल घेतलेली असते, कोयत्याचं माप ठरलेलं असतं. फडात पहाटेपासून तोडणी, मोळी बांधणं, गाडी भरणं, आणि रात्री कोपीत. ऊन रक्तवाहिन्या वाचवत असतं तर या माणसांच्या सगळ्यात निरोगी असत्या. त्यांच्या वाट्याला ऊन भरपूर, पण पाणी कमी, झोप कमी, आराम नाही, आणि अंग चालू ठेवायला तंबाखू, विडी, मिसरी. मध्य अमेरिकेत, एल साल्व्हादोर आणि निकाराग्वामध्ये, ऊसतोड्यांमध्ये मूत्रपिंड निकामी होण्याची साथच आढळली आहे. उष्णता आणि पाण्याविना कष्ट हे तिचं एक मोठं कारण मानलं जातं. आपल्या कामगारांची मूत्रपिंडं आणि रक्तदाब हंगामाआधी आणि हंगामानंतर तपासले गेले पाहिजेत, ही मागणी मी इथून करतो.

विडी ओढणाऱ्या तरुण माणसाच्या पायाच्या बोटांपासून सुरू होणारा एक आजार आहे. लिओ बर्गर यांनी १९०८ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि त्यांच्याच नावाने तो ओळखला जातो. बारीक धमन्या सुजतात, गाठींनी बंद होतात, बोटं काळी पडतात, रात्री झोप लागू देणार नाही इतकी कळ असते. भारतातल्या सर्जरीच्या वॉर्डांनी हे रुग्ण फार पाहिले आहेत. या आजारात तंबाखू पूर्ण सुटली तर पाय वाचण्याची शक्यता असते. न सुटली तर शस्त्रक्रिया करूनही आजार वर सरकत जातो. कोणताही दिवा याला पर्याय होऊ शकत नाही. तसंच, रोज अर्धा-पाऊण तास जोरात चालल्याने अंतःस्तर सुधारतो हे दंडाच्या धमनीवर मोजून दाखवलेलं आहे, कारण वाहत्या रक्ताचं घासणं हाच त्या थराचा मूळ संकेत आहे. पोटरी दुखेपर्यंत चालायचं, थांबायचं, पुन्हा चालायचं, हा पायाच्या धमन्यांच्या आजारावरचा मान्य उपचार आहे. रक्तदाबाच्या आणि शुगरच्या गोळ्या सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात. या तिन्हींचा खर्च एका दिव्याच्या पट्ट्याहून कमी आहे.

तरीही मला हा विषय बंद करायचा नाही. उलट तो आपल्याकडे उघडावा असं वाटतं. सावळ्या कातडीवर, १८-१९ अंश अक्षांशावर, कष्टकरी शरीरावर प्रकाशाचा रक्तवाहिन्यांवर काय परिणाम होतो, हे एडिंबराला बसून कळणार नाही. अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय इथून जवळ आहे. तिथले विद्यार्थी इथे आले आणि गावाने साथ दिली तर एक साधी चाचणी होऊ शकते. रक्तदाब थोडा वाढलेली, पण अजून गोळ्या सुरू न झालेली माणसं घ्यायची, त्यांची लेखी संमती घ्यायची. डिसेंबर-जानेवारीत, जेव्हा ऊब आणि ऊन वेगळं काढणं सोपं असतं, त्यांना तीन गटांत चिठ्ठ्या टाकून वाटायचं: एक गट सकाळी ठरावीक वेळ उन्हात पाठ उघडी ठेवून बसेल, दुसरा तितकाच वेळ, तितक्याच उबेत, अतिनील किरण अडवणाऱ्या छताखाली, तिसरा तितकाच वेळ चालेल. मोजणाऱ्याला कोण कोणत्या गटात आहे हे माहीत नसावं. रक्तदाब रोज एकाच वेळी, दंडाच्या धमनीची रुंदी सुरुवातीला आणि आठ आठवड्यांनी. या काळात कोणाचा दाब जास्त वाढला तर त्याला ताबडतोब चाचणीतून काढून गोळ्या सुरू करायच्या. ज्या बायका टोळीबरोबर जातात त्यांना यातून वगळायचं नाही. त्यांच्यासाठी फडाजवळच्या दवाखान्यात हीच मोजणी ठेवायची, नाहीतर जे इथे थांबतात त्यांचेच आकडे येतील. निष्कर्ष उन्हाच्या बाजूने येवो की चालण्याच्या, तो आधी याच गावात, मराठीत, सगळ्यांसमोर वाचून दाखवायचा आणि मग नियतकालिकाला पाठवायचा.